छत्रीकाकांचा इशारा

ता. ४, सोमवार

धाकट्या,

तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा तुझी बायको म्हणाली, तू आंघोळीला गेलायस. एवढी आंघोळ कोण करतं? म्हैससुद्धा एवढा वेळ पाण्यात बसत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. फोन ठेवून देता येतो, पत्र टेबलावर पडून तुझ्याकडे बघत बसतं. माझं अक्षर तुला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटली. लागलं नाही तर बायकोकडून वाचून घे, तिलाही कळू दे तिचा नवरा किती स्वच्छ आहे ते.

मागच्या मंगळवारी तू माझ्या गावात उतरलास. विमानतळावरून माझ्या दारापर्यंत थेट बस आहे. आजवर जेव्हा जेव्हा इथे मुक्काम पडला तेव्हा माझ्याकडे आलास, जेवलास, घोरलास. त्या दिवशीही मी तुझी ती पातळ उशी काढून ठेवली होती. तू हॉटेलात झोपलास. सख्खी बहीण हाकेच्या अंतरावर असताना हॉटेलात.

आले ते तुझे भाऊजी. चेहरा असा की कोणीतरी पिळून वाळत घातलाय. छत्री कपाटावर फेकली. फेकली म्हणते, कारण हा माणूस छत्री कधी फेकत नाही, पुसून खुंटीला लावतो. जेवले नाहीत. काय झालं विचारलं तर म्हणाले, "चौकशी आहे." कसली? "चौकशी." एवढंच. मला वाटलं, तुमचं दोघांचं काहीतरी वाजलं असेल.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे शिवणाला, आपल्या नवऱ्याची पॅन्ट उसवून घ्यायला एक बाई आली, तिने सांगितलं. उतरायच्या आधी विमान हवेत असं आपटलं की चहाची गाडी उलटली, एका एअर होस्टेसचा खांदा मोडला, टॉवरमधून बोलत होते ते माझे यजमान आणि चालवत होता तो माझा भाऊ. माझ्या घरातली बातमी मला पॅन्टच्या मापाबरोबर कळते.

आता मला सांग. तुझ्या भाऊजींना तू ओळखतोस. कडक उन्हात छत्री नेणारा माणूस. आभाळात कापसाच्या बोळ्याएवढा ढग दिसला की माझे वाळत घातलेले कपडे आत. गॅस बंद आहे का हे दोनदा बघून मग चप्पल घालणार आणि चप्पल घालून परत एकदा बघणार. अशा माणसाने तुला सांगितलं नाही, हे मला पटत नाही. सांगितलं असेल तर तू त्या ढगात शिरलास कशाला? आणि सांगितलं नसेल तर का नाही सांगितलं? तुम्हा दोघांपैकी एक जण गाढव आहे. कोणता, तेवढं कळव.

ताई


ता. ९, शनिवार

ताईस नमस्कार.

रागावणं साहजिक आहे. पण चौकशी चालू आहे, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला भाऊजी. अशा वेळी मी तुमच्या घरी मुक्काम केला असता तर लोक म्हणाले असते, मेव्हण्या-मेव्हण्यांनी बसून जबाब जुळवला. म्हणून हॉटेल. फोनही त्यासाठीच टाळला. आंघोळीचं तिला दुसरं काही सुचलं नाही.

तुला समजेल असं सांगतो. उडण्याआधी आम्हाला हवामानाचं ब्रीफिंग मिळतं. वाटेत ढग कुठे, वारा कसा, पाऊस कधी, सगळं त्यात असतं. ते अभ्यास केलेल्या लोकांनी काढलेलं असतं. त्या दिवशी तुमच्या बाजूला तुरळक ढग आणि पाऊस संध्याकाळनंतर, असं होतं. शिवाय विमानाच्या नाकात आमचं स्वतःचं रडार असतं. त्यावर समोर एक डाग दिसत होता, पण फिकट. मग टॉवरकडून इशारा आला, पुढे गेलेल्या विमानाने हादरे कळवलेत, वळून यायचं असेल तर सांगा.

अशा वेळी तराजू धरावा लागतो. एका पारड्यात ब्रीफिंग आणि आमचं रडार, दुसऱ्यात टॉवरचा इशारा. प्रत्येक इशाऱ्याला वळायचं म्हटलं तर विमान कधी खाली येणारच नाही. टॉवरवाल्यांना जास्त सांगितल्याबद्दल कोणी बोलत नाही, कमी सांगितल्याबद्दल बोलतात, म्हणून ते सढळ हाताने सांगतात. आम्हाला ते माहीत असतं. सांगणं त्यांचं काम, ठरवणं आमचं. त्या दिवशी इशारा सौम्य होता. टेपवर आहे. मी जबाबात तेवढंच लिहिलं, एक अक्षर खोटं नाही.

भाऊजींना त्रास होतोय याचं वाईट वाटतं. त्या मुलीच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, तुमच्याच गावच्या हॉस्पिटलात आहे. मी भेटून आलो.

उशी आत ठेव. हे मिटलं की येतो.

तुझा,
धाकटा


ता. १३, बुधवार

धाकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा समजावं म्हणून, एकदा चीड आली म्हणून.

हे ब्रीफिंग ब्रीफिंग काय लावलंयस? सकाळी लिहिलेला कागद तो. माझ्याकडे बाया घरून माप लिहून आणतात. मी कागद बघते आणि तरी अंगाला टेप लावते. तू म्हणशील तुला टेप लावायला वेळ आहे, ताई, मी हवेत असतो. मान्य. मला विमानातलं कळत नाही. पण माणसातलं कळतं, आणि तुझ्या पत्रात एक शब्द आहे तो मला कुठेच बसवता येईना. सौम्य. या माणसाने उभ्या आयुष्यात सौम्य इशारा दिलेला नाही. दूध उतू चाललंय हेसुद्धा शेजारी आग लागल्यासारखं सांगतो.

म्हणून मी विचारलं. ते ओट्यापाशी लसूण सोलत बसले होते. सध्या माईकवर बसवत नाहीत, लवकर घरी येतात आणि माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करतात.

"अहो, तुम्ही सौम्य बोललात म्हणे."

"टेपवर आहे."

"टेप गेली चुलीत. पुढे गेलेल्या विमानाने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"जोराचे हादरे."

"आणि तुम्ही याला काय सांगितलंत?"

"हादरे."

"मग जोराचे कुठे गेले?"

लसूण सोलत राहिले. एकच पाकळी इतकी सोलली की तिच्यात सोलण्यासारखं काही उरलं नाही. मी हातातून काढून घेतली.

"मी घाबरट आहे ना," म्हणाले. "म्हटलं आज जरा कमी घाबरू."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तिकडे माईकवर तो होता. मी आवाज ओळखला. घरच्याच माणसासमोर परत हसं कशाला करून घ्यायचं."

मी म्हटलं, परत म्हणजे? आधी कधी झालं? कोण हसलं? तर उठले, गॅस बंद आहे का बघितलं आणि बाहेर गेले. गॅस पेटवलेलाच नव्हता.

रात्री जेवताना म्हणाले, चौकशी समितीपुढे मी सगळं माझ्यावर घेणार आहे. टेपवर दोन्ही विमानं आहेत, जोराचे गाळलं ते मी गाळलं, त्यात लपवायचं काय. मग माईक जाईल. निवृत्त होईपर्यंत कुठलं विमान कधी आलं न् कधी गेलं याचे तक्ते भरत बसतील. इतकी वर्षं त्या खुर्चीत काढली या माणसाने, एकही विमान दुसऱ्याच्या अंगावर घातलं नाही, आणि आता तक्ते. वर मला सांगतात, "तुझ्या भावाचं लायसन वाचेल." असं सांगतात जसं काही माझ्यासाठी बाजारातून साडी आणलीय.

मला नको ती साडी.

आता दोन प्रश्न आहेत. पहिला, कोण हसलं. दुसरा, त्यांनी जोराचे म्हटलं असतं तर तू वळला असतास का? ब्रीफिंग सांगू नकोस, रडार सांगू नकोस. वळला असतास का ते सांग.

ताई


ता. १८, सोमवार
(उघडं कार्ड)

धाकट्या, पत्राला उत्तर नाही. फोन केला तर बायको म्हणते झोपलायस. आंघोळ संपली वाटतं. हे उघडं पाठवतेय, पोस्टमन वाचेल, वाचू दे. विचारलं ते सांग, नाहीतर पुढच्या कार्डात प्रश्नही लिहीन, सविस्तर.

ताई


ता. २०, बुधवार

ताई,

पोस्टमन कार्ड देताना माझ्याकडे बघून हसला. जिंकलीस.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. वळलो नसतो.

पारड्यांचं मी तुला लिहिलं ते खरं आहे, पण अर्धं. आम्ही इशारा ऐकायच्या आधी माणूस ऐकतो. प्रत्येक टॉवरला चार-पाच आवाज असतात आणि आम्हाला ते तोंडपाठ असतात. तुमच्याकडे एक बाई आहेत, त्या नुसतं "थोडा वारा आहे" म्हणाल्या तरी आम्ही पट्टे आवळतो, कारण त्या उगीच तोंड उघडत नाहीत. भाऊजी "जोराचे" म्हणाले की आम्ही "जोराचे" वगळतो. नुसतं "हादरे" म्हणाले की हादरेही वगळतो. हे कुठे शिकवत नाहीत. सगळे करतात.

त्या दिवशी तेच झालं. रडारवरचा डाग बघून मी वळायचं की नाही याचा विचार करत होतो, खरंच करत होतो. तेवढ्यात भाऊजींचा आवाज आला. मी को-पायलटकडे बघितलं आणि हाताने छत्री उघडल्यासारखं केलं. तो हसला. ब्रीफिंगचा कागद जड झाला तो त्या क्षणी. आधी नव्हता.

तोंडाने काहीच बोललो नाही. त्यामुळे कॉकपिटच्या टेपवर हसणं ऐकू येईल, कशाला हसलो ते नाही. को-पायलट पोरगा आहे, तो माझ्याविरुद्ध बोलणार नाही.

आणि आता पहिला प्रश्न. आम्ही त्यांना छत्रीकाका म्हणतो. फक्त मी नाही, आमच्याकडचे सगळे. नाव मी नेलं, पण कुठून उचललं ते तुला आठवत असेल. तुझ्याच जेवणाच्या टेबलावरून. रणरणत्या दुपारी ते छत्री घेऊन दूध आणायला गेले आणि वाऱ्याने ती उलटी झाली तर अर्धा रस्ता तिच्यामागे पळाले, मग दुधाची पिशवी फुटली, ही गोष्ट तू नक्कल करून सांगायचीस. मी हसून हसून खुर्चीवरून पडलो होतो. ती मी आमच्या क्रू रूममध्ये सांगितली. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकाने माईकवर विचारलं, "काका, छत्री उघडू का?" भाऊजी काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना कळलं नसेल.

ताई, हे समितीत कोणी विचारणार नाही. आणि मी होऊन सांगितलं तर मला खाली बसवतील. किती महिने, माहीत नाही. परत कॅप्टनच्या खुर्चीत बसवतील की नाही तेही माहीत नाही. भाऊजींनी शब्द गाळला हे तर खरंच आहे ना? ते मी गाळायला लावलं नाही.

हे पत्र वाचून फाडून टाक.

धाकटा


ता. २३, शनिवार

धाकट्या,

फाडलं नाही. शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवलंय, बॉबिनीखाली. यांना दाखवलेलं नाही. का नाही ते शेवटी सांगते.

आधी तुझं ते जेवणाचं टेबल. माझ्यावर ढकलू नकोस. मी माझ्या नवऱ्याला हसते ते त्याच्या तोंडावर हसते, तो समोर बसलेला असतो, आणि मग मीच त्याला वाढते. दूध सांडलं तेव्हाही मीच दुसरी पिशवी आणली. तू ती नक्कल माझ्या घरातून उचललीस आणि जे त्याला कधी जेवायला वाढणार नाहीत अशा लोकांमध्ये नेऊन वाटलीस. दोन्ही एकच आहे असं तुला वाटत असेल तर तू तुझं डोकंही हॉटेलातच विसरून आलायस.

गुरुवारी मी त्या मुलीला बघून आले. तुझ्या पत्रात होतं म्हणून कळलं, नाहीतर तेही मला पॅन्टच्या मापाबरोबरच कळलं असतं. हात वर होत नाही म्हटल्यावर अंगात काही घालायचे वांधे. मी एक गाऊन शिवून नेला, खांद्यावरून उघडणारा, बटणं पुढे. तिला कोणाची कोण ते सांगितलं नाही, शिवणकाम करते एवढंच सांगितलं. बोलकी आहे. म्हणाली, कॅप्टन येऊन गेले, फळं ठेवली, बराच वेळ टोपी हातात घेऊन उभे होते, चांगले आहेत. मग मी विचारलं, विमान वळवलं असतं तर हे झालं नसतं ना?

तर ती काय म्हणाली ऐक. म्हणाली, "वळवायचं राहू द्या मावशी, ते त्यांचं काम. नुसतं खाली बसा एवढं सांगितलं असतं तरी झालं असतं. एक मिनिट लागतं. गाडी लावायची, बसायचं, पट्टा बांधायचा. आम्हाला वेळच मिळाला नाही."

कळलं का? मी इतके दिवस तुला वळला असतास का म्हणून विचारत होते. चुकीचं विचारत होते. तू तुझा तराजू धर, ब्रीफिंग ठेव, रडार ठेव, सरळ ये. पण बसा एवढं सांगायला काय लागत होतं? त्या थोडा वारा म्हणणाऱ्या बाई माईकवर असत्या तर तू वळला नसतास कदाचित, पण बसा म्हणाला असतास. म्हणाला असतास की नाही? त्यांच्या थोड्या वाऱ्याला तुम्ही पट्टे आवळता, हे तूच लिहिलंयस. तुझा हात छत्री उघडण्यात गुंतला होता, तो पट्ट्याच्या बटणाकडे गेला नाही.

तू लिहितोस, यांनी शब्द गाळला हे खरंच आहे ना. आहे. गाळायला नको होता. ते मी त्यांना सांगितलं, ओरडून सांगितलं, शेजारच्यांनी भिंत वाजवली. येत्या शुक्रवारी समितीपुढे तेही तेच सांगणार आहेत, जे केलं ते. पण त्यांनी सांगून संपतं का? त्यांचा माईक काढून घेतील, सगळ्यांना वाटेल रोग बरा झाला. तुमच्या त्या खोलीत मात्र चहा पिता पिता दुसऱ्या कोणाचं तरी नाव ठरेल. मग तो जोराचे म्हणेल आणि इकडे चार जण हाताने काहीतरी करतील, आणि कोणाची तरी पोरगी गाडी ढकलत उभी असेल. हे समितीला कसं कळणार? टेपवर नाही, कागदावर नाही. ते फक्त तुझ्या तोंडात आहे.

तुला खाली बसवतील म्हणतोस. बसवू देत. लहानपणापासून तुला वर जायची घाई, झाडावर चढायचास आणि उतरता येत नाही म्हणून रडायचास, मग मी शिडी आणायची. आता माझ्याकडे शिडी नाही. तुझं तू उतर.

काल इथे पाऊस झाला. छत्री अजून कपाटावरच आहे, त्या दिवशी फेकली तिथेच. त्यांनी काढली नाही. भिजत आले. मी टॉवेल दिला. नेहमीसारखं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण आलं नाही काही. ते डोकं पुसत उभे राहिले, वाट बघत होते मी काय म्हणते त्याची.

तुझं पत्र त्यांना का दाखवलं नाही, ते आता सांगते. मी दाखवलं तर ती माझी चुगली होईल. आणि ते वाचून काय म्हणतील तेही मला पाठ आहे. म्हणतील जाऊ दे, पोर आहे. तू पोर नाहीस, तुझ्या कानावरचे केस पांढरे झालेत. मी कोणाकडे जाऊन काही सांगणार नाही, समितीकडेही नाही. पत्र खणातच राहील.

पण शुक्रवारी ते आत जातील तेव्हा तू काय बोलणार आहेस हे त्यांना आधी माहीत पाहिजे. छत्रीचं, हाताचं, बसा न म्हटल्याचं, सगळं समितीत सांगणार आहेस की नाही? एवढाच प्रश्न आहे. हो किंवा नाही.

बुधवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे. बुधवार म्हणजे बुधवार, गुरुवार सकाळ नाही. पत्र पोचणार नाही, तेव्हा फोन कर. पण एक लक्षात ठेव, बुधवारी फोन मी उचलणार नाही. मशीनवर बसणार आहे, कितीही वाजला तरी उठणार नाही. हे उचलतील. हो असेल तर त्यांना सांग, नाही असेल तर तेही त्यांनाच सांग, तुझ्या तोंडाने.

त्यांचा आवाज तू ओळखतोसच.

ताई